अंगठी कोणाच्या नावावर

सुपेला, भिलाई
१३ ऑगस्ट १९६१

आत्या,

नमस्कार. रागावलेल्या माणसापर्यंत नमस्कार पोचतो की वाटेत डोंगरगडलाच उतरतो, मला माहीत नाही. मी केला आहे, तू घे किंवा ठेव.

तुमच्या गल्लीतली मैनाबाई लेकाकडे आली होती, ती इथल्या बाजारात भेटली. भेंडी निवडता निवडता तिने माझ्या हाताकडे पाहिलं आणि तिचा भाव करायचा राहून गेला. तेव्हाच मी समजले, आठ दिवसांत तुमसरला बोभाटा होणार. चारच दिवस लागले. बाबांचं कार्ड आलं, "साक्षगंधाची अंगठी पोरीच्या बोटात नाही म्हणून तुळसा जेवली नाही."

नाही बोटात, खरं आहे. कावून नाही ते माझ्याकडून ऐक, मैनाबाईकडून नको. मी कारखान्याच्या ऑफिसात "लिहायचं काम" करते असं बाबांनी तुला सांगितलं आहे, पण मी प्रयोगशाळेत आहे. नंदिनीच्या खाणीतून चुनखडीचा दगड येतो, त्याची भुकटी आम्ही अ‍ॅसिडमध्ये विरघळवतो आणि त्यात वाळू किती ते काढतो. म्हणजे तुझा लेक पुंडलिक तिकडे दगड फोडून पाठवतो आणि इकडे मी तो तपासते. लग्नाआधीच त्याचं काम बायकोने तपासायला घेतलं म्हणून बिचारा जरा धसकून असतो.

तर तिथे पारा असतो. सोन्याला पारा लागला की सोनं पांढरं पडतं आणि ठिसूळ होतं. पहिल्याच दिवशी साहेबांनी सांगितलं, बोटातलं, कानातलं, गळ्यातलं, सगळं घरी ठेवून यायचं. तू स्वतःच्या हाताने घातलेली पाऊण तोळ्याची माणकाची अंगठी मी पाऱ्यात बुडवायची का? सांग तूच.

घरी ती तांदळाच्या डब्यात आहे, तळाशी. आणि काळजीचं कारणच नाही. मी राहते त्या चाळीचे मालक बाबुलाल शेठ, त्यांनी विमा उतरवला आहे. काही झालं तर कंपनी भरून देते. मी मुद्दाम विचारलं, तर म्हणाले, "अरे बिटिया, पूरे मकान का बीमा है।" मकानात खोली आली, खोलीत डबा आला, डब्यात अंगठी आली. झालं तुझं समाधान?

उत्तर लिही. दोन ओळी चालतील.

तुझी कौशल्या


३ सप्टेंबर १९६१

आत्या,

दोन ओळी नाही लिहिल्यास, पण निरोप पाठवलास. बाबांनी तो जसाच्या तसा लिहून कळवला आहे, "दिवाळीपावतो अंगठी बोटात दिसली पायजे, नाई त अंगठी तुमसरले आली पायजे." अंगठी परत गेली की सोयरीक मोडली, हे आपल्याकडे शाळेत न गेलेल्या पोरालाही कळतं. तू विचार करून बोललीस की रागात, तेवढं तरी सांग. मी मात्र तो निरोप वाचून त्या दिवशी कामावर दोन परीक्षानळ्या फोडल्या.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट मोठ्या तोऱ्यात लिहिली होती. ती चूक होती. लिहिणार नव्हते, पण मैनाबाईचा लेक याच बाजूला राहतो, म्हणजे तुला कळणारच.

मागच्या सोमवारी आमच्या चाळीत आग लागली. माझ्या शेजारच्या खोलीत बेबीताई राहतात, भंडाऱ्याकडच्या, त्यांचे यजमान कारखान्यात कोक भट्टीवर आहेत. त्यांचा स्टोव्ह भडकला. बेबीताई पोरीला घेऊन बाहेर पळाल्या, कोणाला इजा नाही. पण छत गेलं, पेटी गेली, पेटीतले लग्नाचे शालू गेले. माझी आणि त्यांची भिंत एकच. मी ड्युटीवर होते. आल्यावर भिंतीला हात लावला, ती अजून गरम होती. तांदळाचा डबा उघडला आणि अंगठी हाताला लागेपर्यंत तांदूळ उपसत राहिले. सापडली. पण त्या दिवसापासून माझा तोरा उतरला आहे.

मग विमा कंपनीचा माणूस आला. छताचे जळालेले फाटे मोजले, वरचे फुटलेले कवेलू मोजले, भिंत लिहिली. बेबीताईंनी त्याला पेटी दाखवली तर म्हणाला, "ये मकान में नहीं आता, बाई।" बाबुलाल शेठचं छत कंपनी भरून देणार. बेबीताईंच्या शालूचं कोणी काही देणार नाही. घराचा विमा म्हणजे मालकाच्या भिंतींचा विमा. भाडेकरूचं सामान, त्याचं सोनं, हे सगळं त्या कागदाच्या बाहेर. शेठ खोटं बोलले नव्हते, मीच आपल्या सोयीचं ऐकलं.

आता म्हणशील, "म्हणूनच म्हणते, अंगठी पाठव." नाही पाठवणार. नोकरीही नाही सोडणार. काल रशियन साहेबाने माझा निकाल पुन्हा तपासायला लावला आणि तो दशांशापर्यंत जुळला. तो "खराशो, खराशो", म्हणजे छान, छान, म्हणत माझ्या टेबलावर थाप मारून गेला. ते मी कोणाला सांगू? तुलाच सांगितलं असतं पहिल्यांदा.

कौशल्या


१७ सप्टेंबर १९६१

आत्या,

पोळ्याला मी आले नाही आणि तू बोलावलंही नाहीस, फिटंफाट झाली.

आज रविवार. सकाळी पुंडलिक नंदिनीहून सायकल मारत आला, अंगावर चुनखडीची धूळ घेऊन. चहा प्यायला, पुन्हा चहा प्यायला. बेबीताईंच्या नव्या छताची तारीफ केली. माझ्या खोलीला तीच ती खिडकी आहे हे तीनदा सांगितलं. शेवटी मी म्हटलं, "कायले आला, ते सांग."

"मायनं पाठवलं. अंगठी घेऊन ये म्हणते."

मी उठले, डब्यातून अंगठी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. आत्या, मी रडले नाही. त्याने अंगठी उलटीपालटी करून पाहिली. मग म्हणाला, "मले नाही नेता येत." मी म्हटलं, आईला काय सांगशील? तर म्हणतो, "सांगीन, सायकल पंक्चर झाली."

मी हसले आणि मग खूप चिडले. पंक्चर किती दिवस पुरेल? मी त्याला म्हटलं, तुला तुझ्या आईसमोर उभं राहता येत नसेल तर राहू नकोस, पण मध्येही येऊ नकोस, तिच्याशी मी बोलते. तो अंगठी परत देऊन गेला. जाताना म्हणाला, "तू बोल. पण मी तुह्याच बाजूनं हावो, हे लिहून दे तिले." दिलं लिहून.

तर आता बोलते. मी अंगठीचा विमा उतरवणार आहे, माझा स्वतःचा, भाडेकरूचा. दुर्गला एका विमा कंपनीचे एजंट आहेत, आनंदराव, नागपूरकडचे. छत्री, सायकल आणि कातडी बॅग. ते म्हणाले, भाड्याच्या घरातल्या सामानाचा विमा होतो. भांडी-कपडे सगळे मिळून एका ओळीत जातात, पण सोनं त्यात धरत नाहीत. सोनं वेगळ्या ओळीत लिहायचं, सोनाराची वजन-किमतीची चिठ्ठी जोडायची. आणि त्या घरात राहतो याचा पुरावा म्हणून भाड्याची पावती जोडायची.

सोनाराची चिठ्ठी एका दिवसात झाली. पावतीला मात्र बाबुलाल शेठ तयार होईनात. त्यांनी आजवर कोणालाच पावती दिलेली नाही. म्हणाले, "पावती दी, तो किराएदार मालिक बन बैठता है।" मी म्हटलं, "शेठ, तुमचं छत आज नवं झालं, कारण तुमच्याकडे कागद होता. बेबीताईंकडे नव्हता. मला छत नको, कागद द्या." ते काही बोलायच्या आत माझ्या मागून बेबीताई म्हणाल्या, "मले बी पायजे." त्यांच्या मागे तिसऱ्या खोलीतली तेलुगू बाई उभी, तिच्या मागे चौथीतला पंजाबी फिटर. शेठनी सगळ्यांकडे पाहिलं, आत गेले, शाईची दौत घेऊन बाहेर आले आणि ओट्यावर बसून सहाच्या सहा खोल्यांच्या पावत्या लिहून दिल्या. आमच्या चाळीत त्या संध्याकाळी जिलेबी आली, आत्या! पावतीपायी जिलेबी.

आता फक्त फॉर्म भरायचा आहे. दिवाळीच्या आत कागद तुझ्या हातात देते.

कौशल्या


८ ऑक्टोबर १९६१

आत्या,

फॉर्म परत आला.

त्यात एक रकाना आहे, "वस्तूचा मालक कोण?" मी पेन उचललं आणि थांबले. तुला माहीत आहे मी का थांबले. आपल्यात साक्षगंधाची अंगठी लग्न लागेपर्यंत मुलाकडचीच असते. बोट मुलीचं, अंगठी त्यांची. म्हणून तर तू ती परत मागू शकतेस. मी खरं ते लिहिलं, "तुळसाबाई श्यामराव, तुमसर." कंपनीने लाल शाईने खूण करून पाठवलं, दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूचा विमा तुम्हाला उतरवता येणार नाही.

आनंदराव म्हणाले, "बाई, आपलं नाव टाका ना. कोण पाहून राहिलं? अंगठी तुमच्या डब्यात हाय, म्हणजे तुमचीच." मी नाही म्हटलं. ते डोक्याला हात लावून म्हणाले, वीस वर्षांत असं गिऱ्हाईक पाहिलं नाही.

मला तुझ्या पाठीमागे काही करायचं नाही, आत्या. एका चिठ्ठीने हे काम होतं. तू लिहून द्यायचंस की ही अंगठी मी कौशल्येला दिली, ती तिची झाली, लग्न होवो न होवो. बस. मग रकान्यात माझं नाव खरं होईल.

मी काय मागते आहे ते मला कळतं. तुझ्या हातातली दोरी मागते आहे. ती दिलीस तर तुला मला ओढता येणार नाही. पण मला ओढावं का लागावं? लहानपणी तापात असताना तू मला तुमसरहून गोंदियाच्या दवाखान्यात पाठीवर बांधून नेलंस, तेव्हा मी पळून जाईन असं तुला वाटलं होतं का? मी पुंडलिकशी लग्न करणार आहे, कारण मला करायचं आहे. अंगठी डब्यात असो, बोटात असो, चोराने नेलेली असो, तरी करणार आहे. हे तुला पटत नसेल तर पाऊण तोळ्याने काय पटणार?

आणि पटत नसेल तर दिवाळीला मी स्वतः तुमसरला येते. अंगठी तुझ्या हातावर ठेवते, पाया पडते आणि परतीच्या गाडीने कामावर येते. पुंडलिकला पाठवू नकोस, त्याच्या सायकलला काही ना काही होतं.

मला खूप भीती वाटते आहे. बाकी कोणाला नाही सांगितलं.

कौशल्या


तुमसर
२१ ऑक्टोबर १९६१

पोरी कौशल्या,

आसिर्वाद. तुह्ये चारी कागद भेटले. मले एक अक्षर दोनदा वाचा लागते, म्हून टाइम लागला. राग होताच, तो बी एक.

खोटं कायले सांगू. मले वाटलं, पोरगी नोकरीले लागली, रशियावाले तिले खराशो म्हणून राहिले, आता माह्या साध्या पोराले काय मोजन. अंगठी तुह्या बोटात हाय असं आयकलं का बरं वाटे. नाई म्हणलं त ताट सारून उठली.

मंग तुह्या फारमातलं वाचलं, मालक कोण. वाचलं अन चुलीजवळ बसूनच राहिली. भाजी करपली, माह्ये घरधनी, तुह्ये मामाजी, वरडले, तरी उठली नाई. माह्या मायनं मले लग्नात गळ्यातली एकदाणी देल्ली, पाटल्या देल्ल्या. तुह्या बापाले इचार, त्यानं तवा दुसऱ्याच्या गिरणीत धान उचललं त्याच्यापायी. पंचवीस वरसं झाले, ते सोनं सासऱ्याच्या पेटीत हाय. सासरे गेले, चाबी जेठजीच्या कमरेले आली. सणाले मले काढून देते, दिवा लावाच्या येळी मोजून परत घेते. हे कोणाचं होय, असं मले आजपावतो कोणी इचारलं नाई. मीनं बी नाई इचारलं. मी त या घरात भाडेकरीनच हावो, पावती तेवढी भेटली नाई.

अन तेच मी तुले करून राहिली होती. मले माही लाज वाटली पोरी.

संग दुसरा कागद हाय, त्याच्यावर लिहून देल्लं. अंगठी कौशल्या पंजाबराव हिची होय, लग्न होवो का न होवो. साक्षीदार म्हून मामाजीची सही घेतली. मी म्हणलं वाचून पाहा, ते म्हणे चष्मा नाई, अन केली सही.

लग्न झाल्यावर बी नोकरी सोडू नोको. कोणी बोलन त माह्याकडं पाठव. पुंडलिकले म्हणाव, पंक्चरवाली गोष्ट त्यानं मले बी सांगतली, मले हासू आलं.

अन एक काम कर. त्या आनंदरावले पुस, एखाद्या बाईचं सोनं दुसऱ्याच्या पेटीत असन, त त्याचा कागद होते का?

तुही आत्या तुळसा


सुपेला, भिलाई
१४ जानेवारी १९६२

आत्या,

तीळगूळ घे. माझी पॉलिसी दिवाळीच्या आदल्या दिवशी आली, ते तुला कळवलं होतंच. आज तुझ्या पॉलिसीबद्दल लिहिते आहे. तुझं पत्र काय, "काम झालं. थंडी हाय." एवढंच! बाकीचं सगळं आनंदरावांनी सांगितलं. तुझीच गोष्ट तुला सांगते, कारण तू ती स्वतःला नीट सांगितली नसशील.

तू विचारलंस म्हणून मी आनंदरावांनाच तुमसरला पाठवलं; ते म्हणाले, तिथे त्यांचं मोठं स्वागत झालं. गावात दोन चोऱ्या झाल्या होत्या, म्हणून थोरल्या मामाजींना, तुझ्या जेठजींना, हिरालालजींना, विमा हवाच होता. ओसरीवर सतरंजी, सोनार, काटा, चार शेजारी. पेटी उघडली, एकदाणी आणि पाटल्या निघाल्या, वजन झालं. फॉर्म भरताना हिरालालजी म्हणाले, "लिहा, मालक हिरालाल. घरचं सोनं होय."

आनंदरावांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "कंपनीचा नियम हाय. सोनं आलं कुठून, हे लिहा लागते. कोणाले भेटलं?"

तेवढ्यात म्हणे स्वयंपाकघराच्या दारातून एक बाई बाहेर आली. पदर डोक्यावर, हात पिठाचे. जेठजींसमोर कधी न आलेली बाई चार माणसांत येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माह्यं होय. माह्या मायनं देल्लं."

हिरालालजी म्हणाले, "बाईमाणसाच्या नावानं कागद?" आनंदराव म्हणाले, "ज्याचं सोनं त्याचंच नाव. दुसरं टाकलं, अन उद्या चोरी झाली, त कंपनी छदाम देत नाई."

आणि मग आमचे मामाजी, श्यामराव, ज्यांनी थोरल्या भावासमोर आजवर खोकल्याशिवाय आवाज काढलेला नाही, ते म्हणाले, "भाऊ, चाबी देऊन द्या तिले."

आनंदराव सांगतात, किल्ली कमरेची सुटायला वेळ लागला. गाठ जुनी होती. हिरालालजींनी ती तुझ्या हातात दिली नाही, सतरंजीवर ठेवली. तू वाकून उचललीस. पिठाच्या हाताने सही केलीस. रकान्यात तुझं नाव तू स्वतःच लिहिलंस, एकेक अक्षर सावकाश, आणि आनंदराव थांबले. इथे येऊन मला म्हणाले, "बाई, इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच फॉर्म घडी न करता आणला. शाई पुसाले नको म्हून."

आत्या! मी त्यांना ही गोष्ट तीनदा सांगायला लावली. तिसऱ्या वेळी बेबीताई रडल्या आणि मीही रडले. काल प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगितली, रशियन साहेबालाही, दुभाष्यातर्फे. त्याला किती कळली देव जाणे, पण तो उठून उभा राहिला. पुंडलिकला सांगितली तर त्याने हातातला चहा खाली ठेवला. मग म्हणाला, "माह्या मायनं?" आणि सायकलवर बसून गाणं म्हणत नंदिनीला गेला. त्याला गाता येत नाही, हे लग्नाआधी कळलं ते बरं झालं.

मी तुझ्याशी भांडले तेव्हा मला वाटत होतं, मी माझ्यासाठी भांडते आहे. तुझ्यात एवढं सगळं तुंबलेलं असेल, हे मला ठाऊक नव्हतं. मला तुझा इतका अभिमान वाटतो की इथे पानभर लिहिलं तरी उरेल.

फाल्गुनातला मुहूर्त बाबांनी कळवला आहे. सेक्टर दहातल्या क्वार्टरसाठी आम्ही अर्ज केला आहे, मिळेल तेव्हा मिळेल. तोवर हीच खोली, हीच खिडकी आणि दर महिन्याची पावती.

आणि ती किल्ली तू कुठे ठेवली आहेस ते मला लिहू नकोस. मामाजींनाही सांगू नकोस. कोणालाच सांगू नकोस.

तुझी भाची आणि होणारी सून,
कौशल्या